जांभळाचा कल

2014 च्या ऑगस्टमध्ये आमच्या नौपाड्यातल्या घरी पोस्टमन एक रजिस्टर एडी पत्र घेऊन आला. पाठवणाऱ्याचा आणि आमचा पत्ता यांत फक्त प्लॉटच्या क्रमांकाचा फरक होता. शेजारच्या काकांनी ते पत्र टाइप करून घेतले होते, पोस्टात जाऊन रीतसर पाठवले होते, आणि दोन दिवसांनी ते आमच्या दाराशी, म्हणजे त्यांच्या फाटकापासून पंधरा पावलांवर, येऊन पोचले होते. बाबांनी पोचपावतीवर सही केली, चष्मा लावला आणि पहिल्याच शब्दाशी ते थांबले. पस्तीस वर्षे ज्यांनी त्यांना ‘नाना’ म्हणून हाक मारली होती, त्या माणसाने मायना लिहिला होता, ‘महोदय’.

पत्रातला मजकूर चुकीचा नव्हता. हे आज मला म्हणता येते; त्या वेळी आमच्या घरात कुणालाही म्हणता आले नाही. आपल्या आवारातील जांभळाच्या फांद्या आमच्या हद्दीत सुमारे दहा फूट आल्या आहेत, फळांमुळे आणि वटवाघळांच्या विष्ठेमुळे फरशी व वाहन खराब होते, जून महिन्यात माझी पत्नी त्याच फरशीवर घसरून पडली व तिच्या मनगटाचे हाड मोडले, तरी एक महिन्याच्या आत फांद्या काढाव्यात, एवढेच त्यात होते. काकूंचा हात प्लास्टरमध्ये होता तेव्हा सहा आठवडे आमची आई दोन्ही वेळचा डबा घेऊन त्यांच्याकडे जात होती. जाताना ती त्याच जांभळ्या डागांवरून, पाय जपून टाकत, जात होती. डबा पोचवून परत येत होती. झाडाचा विषय एकदाही निघाला नाही. आपण मदत करतो आहोत म्हणजे आपल्याकडून जे व्हायला हवे ते झाले, असे आम्ही धरून चाललो होतो, आणि ज्या एका गोष्टीसाठी त्या घराला आमच्याकडून शब्द हवा होता तो शब्द आम्ही दिला नाही. बोलून न मिळालेले उत्तर माणूस शेवटी पोस्टाने मागतो.

ते झाड आजोबांनी 1962 साली लावले होते. बदलापूरची जांभळे तेव्हाही नावाजलेली होती. पावसाच्या तोंडावर पळसाच्या पानांच्या द्रोणांतून ती ठाण्यापर्यंत येत, आणि त्यांतलीच एक टपोरी बी आजोबांनी परसात, तारेच्या कुंपणापासून चार फुटांवर, रुजवली. तेव्हा पलीकडे मोकळा प्लॉट होता आणि त्यात फक्त गवत होते. चार फूट हे अंतर त्यांना पुरेसे वाटले असणार. हातभर रोपटे लावणारा माणूस चाळीस-पन्नास फूट उंचीचे आणि जवळजवळ तेवढ्याच पसाऱ्याचे झाड डोळ्यांसमोर आणू शकत नाही, आणि या एका गोष्टीतून पुढच्या पिढ्यांचे किती तरी तंटे जन्माला येतात. फ्रान्सच्या नागरी संहितेत यासाठी साधा नियम आहे: जे झाड दोन मीटरहून उंच वाढणार ते, स्थानिक नियम वा रिवाज वेगळा नसेल तर, हद्दीपासून दोन मीटर सोडून लावायचे. आपल्याकडे मात्र हद्दीवर झाड असणे हाच जुना रिवाज. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात गावांच्या सीमेवर वड, पिंपळ, पळस, सावर अशी झाडे लावावीत असे सांगितले आहे, म्हणजे सीमेचा वाद उद्भवला तर झाडच साक्षीदार म्हणून उभे असेल. आजही कोकणात बांधावरचा आंबा कुणाचा यावरून दोन घरे बोलेनाशी होतात, पण तो आंबा बांधावर नको होता असे दोघांपैकी कुणी म्हणत नाही.

1978 साली काका-काकू शेजारी राहायला आले तेव्हा झाड सोळा वर्षांचे होते आणि नुकतेच भरभरून फळू लागले होते. तारेच्या जागी विटांची भिंत आली. त्या भिंतीवरून आमच्या लहानपणी जांभळांची पातेली पलीकडे जात आणि सरबताचे तांबे अलीकडे येत. काकूंच्या सासूबाईंना मधुमेह होता. त्यांच्यासाठी बिया धुऊन, वाळवून, कुटून, वस्त्रगाळ पूड करण्याचे काम आम्हा मुलांकडे असे. न ठरवता ठरलेला एक नियम होता: पडलेले जांभूळ ज्याच्या अंगणात पडले त्याचे, झाडावरचे हवे असेल तर विचारायचे. पुढे या विषयावर मी बरेच वाचले तेव्हा कळले की फ्रान्सचा आणि जर्मनीचा कायदा अगदी हेच सांगतो. फांदीवरून आपोआप पडलेले फळ शेजाऱ्याचे. इंग्लंडमध्ये मात्र उलटे आहे. तिथे सीमा ओलांडलेल्या फांदीवरचे फळसुद्धा झाडाच्या मालकाचेच राहते. मला आमच्या गल्लीचा नियम अधिक शहाणा वाटतो, कारण ज्याच्या अंगणात कचरा पडतो त्याला फळ तरी मिळते.

कचरा म्हणजे काय हे झाडाच्या मालकाला कधी नीट कळत नाही. जांभूळ सदाहरित खरे, पण फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याची पाने मोठ्या प्रमाणावर झडतात. मग तुरे, तुऱ्यांचे तंतू, आणि मेअखेरीपासून फळ. फळाचा रंग फरशीच्या सांध्यांत उतरला की सोड्यानेही निघत नाही. रात्री वटवाघळे येतात, अर्धे खातात, अर्धे टाकतात. आमच्या बाजूला मातीचे परस होते, तिथे सारे जिरत होते. त्यांच्या बाजूला फरशी होती, खाली गाडी होती, आणि निवृत्तीनंतर काका रोज सकाळी तासभर त्या फरशीवर खराटा घेऊन असत. ते आम्हाला वरच्या खिडकीतून दिसत. आम्ही त्यांना हात करत असू.

पत्राला बाबांनी उत्तर दिले नाही. ‘पंधरा पावलं चालून येता आलं नाही त्याला,’ एवढेच ते म्हणाले. आपणही ती पंधरा पावले चाललो नाही, हे त्यांना किंवा आम्हाला सुचले नाही.

पुढच्या जानेवारीत आम्ही एका लग्नासाठी दोन दिवस पुण्याला गेलो होतो. परत आलो तर झाड निम्मे झाले होते. भिंतीच्या रेषेत, वरून खालपर्यंत, ओळंबा लावून कापल्यासारख्या सगळ्या फांद्या उतरवलेल्या होत्या. एकही घाव आमच्या हद्दीत नव्हता. तोडलेल्या फांद्यांचे सुंभाने बांधलेले भारे आमच्या फाटकाशी, रस्त्याला अडचण होणार नाही अशा बेताने, रचून ठेवले होते. बाबांना तो अपमान वाटला. आज मला वाटते, त्या माणसाने दुसऱ्याच्या झाडाचे लाकूड आपल्याकडे ठेवून घेतले नाही, आणि रागातही त्याने हिशेब चोख ठेवला.

काकांनी केले ते बरोबर होते का, याचे उत्तर कुठल्या देशाच्या कायद्याला विचारता त्यावर आहे. इंग्लंडमध्ये 1894 साली लेमन विरुद्ध वेब या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितले की, आपल्या हद्दीत आलेल्या फांद्या माणूस मालकाला पूर्वसूचना न देताही कापू शकतो, फक्त त्यासाठी शेजाऱ्याच्या जमिनीत पाऊल टाकता कामा नये. फ्रान्समध्ये शेजाऱ्याला फांद्या स्वतः कापता येत नाहीत, त्या मालकाकडून कापून घ्याव्या लागतात. जपानने 2023 च्या एप्रिलपासून आपला जुना नियम सैल केला आणि सांगूनही मालकाने फांद्या काढल्या नाहीत तर शेजाऱ्याने त्या कापायला परवानगी दिली. आपल्या राज्यातल्या शहरांत मात्र ही गोष्ट दोन घरांपुरती राहतच नाही. 1975 च्या महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमानुसार झाड कुणाच्याही मालकीचे असो, वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय ते तोडता येत नाही. आणि कापणे, जाळणे किंवा कोणत्याही प्रकारे इजा करणे हे सारे त्या कायद्याच्या लेखी ‘तोडणे’ यातच मोडते. 2021 च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडाला हेरिटेज वृक्षाचे संरक्षण दिले. मालकालाही परवानगी लागते आणि शेजाऱ्यालाही लागते. हा कायदा अनेकांना जाचक वाटतो. मला तो पटतो, कारण तो दोघांनाही एकाच खिडकीशी अर्ज घेऊन उभे करतो.

बाबांनी तक्रार लिहिली होती. ती त्यांच्या फायलीत मला 2018 मध्ये, ते गेल्यानंतर, सापडली. तारीख घातलेली, सही न केलेली. दर दोन वर्षांनी गच्चीवर येणाऱ्या फांद्या ते स्वतःच एखाद्या नारळ पाडणाऱ्याकडून उतरवून घेत असत आणि त्यासाठी त्यांनी कधीही कुणाची परवानगी काढली नव्हती. बहुधा सही करताना त्यांना ते आठवले असेल.

त्याच कपाटात खाली दादाच्या मुंजीचा अल्बम होता. 1986 चा मे महिना. परसात मांडव, मांडवामागे जांभूळ, आणि ते जांभूळ सरळ उभे होते. मी तो फोटो बराच वेळ हातात धरून बसले. आमच्या आठवणीत ते झाड नेहमीच भिंतीकडे कललेले होते. ‘झाडाचा कलच तिकडे आहे, आम्ही काय करणार’ हे वाक्य आमच्या घरात इतक्या वेळा उच्चारले गेले होते की तो त्या झाडाचा स्वभाव आहे असेच आम्ही मानत आलो. पण 1986 मध्ये ते सरळ होते आणि त्याचा घेर चारही बाजूंना सारखा होता. 1989 मध्ये आम्ही वरचा मजला चढवला. घर झाडाच्या पूर्वेला आहे. मजला चढला आणि दुपारपर्यंतचे ऊन बंद झाले. कोवळ्या शेंड्यात सावलीकडच्या बाजूला वाढीचे संप्रेरक अधिक साचते, त्या बाजूच्या पेशी अधिक लांबतात आणि शेंडा उजेडाकडे वळतो, हे शाळेत शिकलेले होते. उजेड पश्चिमेला, काकांच्या मोकळ्या अंगणावर होता. पंचवीस वर्षे झाड एकेक फांदी तिकडे नेत राहिले. आमच्या घराने त्याला तिकडे ढकलले होते.

ही गोष्ट मला बाबांना सांगता आली नाही याचे दुःख मला अजून आहे. काकांना सांगायलाही मी तीन वर्षे घेतली.

दरम्यान झाड आपल्या जखमांशी आपल्या पद्धतीने वागत होते. अमेरिकेच्या वनखात्यातले संशोधक अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडे उभी चिरून जे दाखवून दिले ते प्रत्येक छाटणी करणाऱ्याला ठाऊक असायला हवे: झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. झाड तो भाग आतून भिंती घालून बंद करते आणि त्याच्या बाहेरून नवे लाकूड वाढवते. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे गळपट्टीसारखा एक फुगीर वळसा असतो. त्याच्या लगत बाहेरून कापले तर ही बंद करण्याची क्रिया नीट होते, आणि मध्येच कुठेतरी कापले तर उरलेला खुंट मरतो, कुजतो आणि कूज आत नेतो. ओळंब्याच्या रेषेला हा वळसा ठाऊक नसतो. आमच्या जांभळाला असे अकरा खुंट राहिले. दुसऱ्या पावसाळ्यात त्यांवर बुरशीच्या टोप्या आल्या, आणि खुंटांच्या बुडाशी छडीसारखे सरळसोट धुमारे फुटले, जे दिसायला जोमदार पण सालीलगत वरवर चिकटलेले असतात आणि वजन आले की निखळतात. शिवाय सारा भार आता एकाच अंगाला, आमच्या बाजूला, राहिला होता. जांभळाची फांदी मुळातच ठिसूळ. गावाकडे पोरांना जांभळावर चढू देत नाहीत ते उगाच नाही.

17 मे 2021 रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईच्या किनाऱ्याजवळून गेले. टाळेबंदीमुळे सगळे घरातच होते. ठाण्यात दिवसभर झाडे पडत होती आणि दुपारी आमच्या जांभळाची घराकडची मोठी फांदी, हिरव्या फळांनी भरलेली, स्वयंपाकघराच्या पत्र्यांवर आली. घरात कुणाला लागले नाही. वीज गेलेली, पाऊस आडवा, आणि त्या अंधारात भिंतीपलीकडून टॉर्चचा झोत आला. ‘नानी बऱ्या आहेत का गं?’ काकांचा आवाज होता. सहा वर्षांनी.

वारा उतरल्यावर मी त्यांच्या अंगणात गेले. झाड तिकडून कसे दिसते हे मी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा पाहिले. आमच्या बाजूने ते म्हणजे सावली, पक्षी, आजोबा. त्यांच्या बाजूने ते म्हणजे डोक्यावर टांगलेले अकरा कुजके खुंट. ज्यांच्या आवारात झाड आहे अशा प्रत्येकाने वर्षातून एकदा शेजाऱ्याच्या अंगणात उभे राहून आपले झाड पाहावे, असे मला तेव्हापासून कळकळीने वाटते. मुंजीचा फोटो मी सोबत नेला होता. काकांनी तो पाहिला, घराकडे पाहिले, झाडाकडे पाहिले. ‘म्हणजे त्याला उजेड हवा होता,’ ते म्हणाले, ‘आणि मी त्याचा उजेडाकडचा हात तोडला.’ त्यावर मला जे म्हणायचे होते ते मी म्हटले: मजला आम्ही चढवला होता, आणि पत्राला उत्तर देणे आमचे काम होते.

पावसाळा संपल्यावर महापालिकेकडे अर्ज गेला, झाडमालक म्हणून माझी आणि बाधित शेजारी म्हणून काकांची, अशा दोन सह्यांचा. पाहणी झाली, परवानगी आली, आणि 2022 च्या फेब्रुवारीत छाटणी झाली. छाटणी जूनच्या तोंडावर, फांद्या गच्चीला लागल्यावर, घाईने करण्याची आपल्याकडची पद्धत चुकीची आहे. त्या वेळी झाडावर फळे असतात, घरटी असतात आणि माणसे भांडणाच्या तयारीत असतात. आमच्याकडे आलेला माणूस करवत घेऊन आधी वर चढला नाही. अर्धा तास तो नुसता खाली फिरला. मग दोर बांधून चढला. प्रत्येक फांदीला त्याने आधी खालून, खोडापासून वीतभर अंतरावर, करवतीची एक चीर दिली, मग तिच्या थोडे पुढे वरून कापले, म्हणजे फांदी तुटताना साल ओरबाडून खोडापर्यंत जाऊ नये. आणि उरलेला तुकडा शेवटी त्या गळपट्टीलगत बेताने उतरवला. ताज्या कापाचा रंग करडा-तांबूस होता आणि त्याला तुरट वास येत होता. काका काठीने वर दाखवत होते, मी आमच्या बाजूने ‘तेवढी राहू द्या’ म्हणत होते, आणि तो माणूस दोघांचेही ऐकून घेऊन झाडाचा तोल पाहून ठरवत होता. पलीकडचे धुमारे विरळ केले, त्यांतले दोन दमदार ठेवले. अलीकडचा भार हलका केला. एका वेळी पाव हिश्श्याहून अधिक पसारा काढायचा नाही यावर तो ठाम होता. शेवटी आमच्या बाजूला खोडाच्या बुडाशी आम्हीच कधी तरी ओतलेले काँक्रीट फोडून तीन फुटांचे आळे मोकळे केले.

ही गोष्ट काही आमच्या भिंतीपुरती नाही. नेरुळला सिडकोच्या रो हाउसमध्ये राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीकडे मागची दोन अंगणे पाठीला पाठ लावून आहेत, आणि एवढ्याशा जागेत लावलेले कोणतेही झाड, शेवगा असो वा आंबा, कुणाच्या ना कुणाच्या हद्दीत जाणारच. शेवग्यावर केसाळ सुरवंट येतात, नारळाची झावळी गाडीवर पडते, पिंपळ भिंतीत मूळ धरतो. यांतली प्रत्येक तक्रार खरी असते. तक्रार करणाऱ्याला ‘झाडांचा शत्रू’ ठरवून मोकळे होणे मला पटत नाही. काका झाडांचे शत्रू नव्हते. त्यांच्या घरातल्या माणसाचे हाड मोडले होते आणि त्याची दखल कुणी घेतली नव्हती.

गेल्या वर्षी काकांचा बंगला पुनर्विकासाला गेला. नौपाड्यात आता असे बंगले बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. एका संध्याकाळी वास्तुविशारदाच्या कार्यालयातला एक तरुण नकाशा घेऊन त्यांच्याकडे आला तेव्हा त्यांनी मला बोलावून घेतले. नकाशावर हद्दीची जाड रेघ होती, तिच्या आत तळघराची खोदाई होती, आणि आमच्या बाजूला, रेघेपासून जराशा अंतरावर, हिरव्या शाईचे रुपयाएवढे एक वर्तुळ होते. ‘झाड शेजारच्या प्लॉटमध्ये आहे,’ तो तरुण म्हणाला, ‘त्यामुळे आपल्याला काही अडचण नाही.’

फांद्यांवरून भांडता येते कारण त्या दिसतात. मुळेही भिंत मानत नाहीत. त्यांतली बहुतेक वरच्या दोन-तीन फूट मातीतच असतात आणि पसाऱ्याच्याही बाहेर जातात. तळघराची खोदाई भिंतीलगत आली तर झाडाला जमिनीत धरून ठेवणाऱ्या एका बाजूच्या मुळांना त्याच ओळंब्याने कापले जाणार होते, आणि या वेळी तो काप कुणालाही दिसणार नव्हता. मी हे त्या तरुणाला सांगायला लागले. काकांनी मला हाताने थांबवले. त्यांचे वय आता ब्याऐंशी आहे, हात थोडा थरथरतो. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली, हिरव्या ठिपक्यावर तिचे टोक ठेवले, आणि तिथून हद्दीची रेघ ओलांडून, खोदाईच्या चौकटीत पार आतपर्यंत जाणारे एक मोठे वर्तुळ काढले. मग नकाशा त्या तरुणाकडे वळवून ते म्हणाले, ‘झाड एवढं आहे.’